सातवा फर्मा

“जुन्या सातव्याला कुणी हात लावू नका! नवा आलाय!” मालक दारातूनच ओरडत आत आले आणि कागदांचा गठ्ठा त्यांनी टेबलावर धपकन टाकला.

“आता काय झालं सातव्याला?” थोरलीने विचारलं. तिच्या हातात सुई होती आणि मांडीवर सहावा फर्मा. “चार दिवसांपूर्वीच घड्या घालून ठेवल्यात आम्ही.”

“लेखिकाबाईंनी काहीतरी बदललंय. काय ते मला विचारू नका ताई, भगिनी तुमच्या आहेत. जुना सगळा रद्दीत. आणि पन्नास प्रती आज संध्याकाळपर्यंत शिवून, पुठ्ठा चढवून दाबाखाली गेल्या पाहिजेत. उद्या अकराला समारंभ आहे, मला तोंडघशी पाडू नका म्हणजे मिळवलं.”

एवढं बोलून मालक आले तसे गेले. दर आठवड्याला कुणीतरी त्यांना तोंडघशी पाडणार असायचं आणि दर आठवड्याला ते उभेच असायचे. त्यामुळे टेबलाभोवतीच्या चौघी बायका काही फारशा घाबरल्या नाहीत. नवा सातवा ओढून त्या घड्या घालायला बसल्या.

पुस्तक छापखान्यातून पुस्तकासारखं येत नाही, हे वाचणाऱ्यांना ठाऊक नसतं. येतात ते मोठाले कागद. एकेका कागदावर सोळा पानं, त्याच्या घड्या घातल्या की झाला एक फर्मा. असे दहा-बारा फर्मे एकाखाली एक लावायचे, कण्याशी शिवायचे, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. बरं, फर्मे यायचेही ते छापखान्याच्या लहरीप्रमाणे. आज तिसरा, उद्या नववा, परवा पहिला. बाइंडरने वाचायचंच म्हटलं तर माणूस आधी मरणार, मग त्याचं लग्न होणार आणि सगळ्यात शेवटी तो जन्माला येणार.

तरी थोरली वाचायची. चव्वेचाळीस वर्षं ती हेच काम करत होती आणि चव्वेचाळीस वर्षं घडी घालता घालता वाचत होती, हात न थांबवता, मान न हलवता. शेजारणीला पत्ता लागायचा नाही. धाकटीलाही कधी लागला नाही. धाकटीचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा तिने विचारलं होतं, “ताई, कसं वाटलं?” थोरलीने ते तीनदा वाचलं होतं, दोनदा रडली होती. पण एवढ्या मोठ्या लेखिकेला आपण काय सांगायचं म्हणून ती लाजली आणि म्हणाली, “शिलाई छान आहे.” धाकटी इतकी हसली, इतकी हसली! पुढे मुलाखतींतही ती हा किस्सा सांगायची. तेव्हापासून धाकटीने एक गृहीत धरून टाकलं की ताई वाचत नाही, ताई शिवते.

या वेळचं पुस्तक मात्र वेगळं होतं. धाकटी यात स्वतःचंच सांगत होती, लहानपणी कशी वाढले, काय वाचलं, लिहायला कशी लागले. पहिल्या पन्नास प्रती हाताने शिवलेल्या हव्यात, आणि त्याही माझ्या ताईच्या कारखान्यातून, अशी अट तिने प्रकाशकाला घातली होती. हे कळलं तेव्हा थोरलीला आभाळ ठेंगणं झालं. पण खरा आनंद झाला तो चार दिवसांपूर्वी, सातवा फर्मा आला तेव्हा.

त्या दिवशी चष्मेवालीचं लक्ष आधी गेलं. चष्मेवाली म्हणजे टेबलाच्या त्या टोकाची, फर्मे जुळवणारी. तिला सगळ्यांच्या आधी सगळं कळलेलं असतं. “अहो ताई! तुमच्यावर लिहिलंय हो!” म्हणत तिने पान उचललं आणि भर कारखान्यात मोठ्याने वाचलं होतं:

“ते पुस्तक माझ्या ताईने शिवलं. तेरा वेगवेगळ्या पुस्तकांचे तेरा चुकार फर्मे, एका दोऱ्यात. ते हातात आलं त्या दुपारी मी लेखिका झाले. शिवणारी ती होती, मी नुसतं ‘पुढे काय झालं’ म्हणून विचारत राहिले.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. “आता चहा तुमच्याकडून,” असं कुणी म्हणालं. थोरलीने चहा पाजला. चार दिवस तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. घरी जाऊन तिने ट्रंकेच्या तळातून कापडात गुंडाळलेलं ते जुनं पुस्तक काढलं. धाकटीचा फोन आला होता, “ताई, आपलं ते पुस्तक आहे ना गं तुझ्याकडे? समारंभात दाखवायचंय, मी कारखान्यात येऊन घेऊन जाईन.” एरवी थोरलीने ते कुणाला शिवूही दिलं नसतं. पण आता कशाला नाही म्हणायचं? सगळ्या जगासमोर खरं येत होतं. तिने ते पिशवीत घातलं आणि आज सकाळी कामावर आणलं. पिशवी तिच्या पायाशी होती.

“परत एकदा वाचू का हो ताई?” चहाच्या सुट्टीत चष्मेवालीने नव्या सातव्यातलं एक पान उचललं. “बघू तरी काय बदललंय बाईंनी. तुमची आणखी स्तुती केली असेल, दुसरं काय!”

“पुरे गं,” थोरली म्हणाली. पण पुरे म्हणतानाही ती कपबशी खाली ठेवून ऐकायच्या तयारीत बसली होती.

चष्मेवालीने घसा खाकरला. “‘आमच्या घरी खळ शिजायची ती छापील कागदांच्या जाळावर. माझ्या मोठ्या बहिणीला अक्षरांशी घेणंदेणं नव्हतं. ती एकेक फर्मा चुरगाळून चुलीत घालायची, आणि मी...’”

ती थांबली.

“वाच की,” थोरली म्हणाली.

“जाऊ द्या ताई, घड्या राहिल्यात.”

“वाच.”

चष्मेवालीने चष्मा उगाच सारखा केला. “‘...मी पेटलेल्या कडांची पानं तिच्या हातून ओढून घ्यायची. असे तेरा फर्मे मी वाचवले. एका दुपारी दाभण घेऊन, बोटं टोचून घेत, मी एकटीने ते शिवले. ते माझं पहिलं पुस्तक. त्या घरात वाचणारी मी एकटीच होते.’”

एकीने कपबशा गोळा केल्या, आवाज न करता. थोरलीला कुणीतरी सगळ्यांसमोर फाडकन थोबाडीत दिल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी येईल असं तिला वाटलं, पण पाणीही आलं नाही. तिने सुईत दोरा ओवला. डाव्या हाताची दोन बोटं ताठ, ती वाकत नसत. दोरा ओवायला तिला नेहमीच जरा वेळ लागायचा. आज जास्त लागला.

*

चुलीत कागद घालायचे ते बाबा.

घरातल्या पुढच्या खोलीत बाबांचं बाइंडिंगचं दुकान. दर कामातून चार-सहा फर्मे उरायचे, जादाचे, डाग पडलेले, वाकडे छापलेले. बाबा ते खळीच्या पातेल्याखाली सारायचे. “आपण बांधणारे. वाचत बसलो तर बांधणार कोण?” हे त्यांचं एकच तत्त्वज्ञान. आई नव्हती. थोरली पंधराची, शाळा सुटलेली, दिवसभर शिवायला बसलेली. धाकटी सात वर्षांची, सतत आजारी, कोपऱ्यातल्या पोत्यावर पडून छताकडे बघत असायची. तिला अक्षरओळख झाली होती, पण वाचायला घरात एक कागद नव्हता. म्हणजे कागदच कागद होते, पण सगळे लोकांचे.

मग थोरलीने चोरी करायला सुरुवात केली. चुलीत घालायच्या फर्म्यांतला एखादा परकरात खोचायचा, बाबा माल पोचवायला बाहेर पडले की काढायचा. एका फर्म्यात समुद्रावरचं जहाज होतं, वादळात अर्ध्या वाक्यात अडकलेलं. एकात मधमाश्या कशा पाळाव्यात ते. एकात खून, पण खुनी कोण ते पुढच्या फर्म्यात, आणि तो फर्मा कुठला मिळायला! एकात नुसती आगगाड्यांची वेळापत्रकं. असे तेरा जमले तेव्हा तिने ते एका दुपारी शिवले. डावखुरी होती ती, त्यामुळे तिची गाठ उलटी पडायची. बाबा त्यावरून रोज रागवायचे.

धाकटीने ते पुस्तक पंधरा दिवसांत पाठ केलं. आणि मग सुरू झाले प्रश्न.

“ताई, जहाजावरच्या माणसाचं पुढे काय झालं?”

“पान उलट. मधमाश्या आहेत ना पुढे? पोहत पोहत किनाऱ्याला लागला आणि माश्या पाळायला लागला.”

“आणि खून?”

“त्यानेच केला असेल. म्हणून तर जहाजाने पळत होता.”

“मग आगगाडी?”

“पोलीस आगगाडीने निघालेत. सहा वाजून दहा मिनिटांनी पोचतील. छापलंय बघ तिथे.”

धाकटी पोट धरधरून हसायची. मग तीच जोडायला लागली. रोज नवी जोडणी, रोज नवा खुनी. आज मोठमोठे समीक्षक धाकटीच्या कथांबद्दल लिहितात, की या कथा मध्येच सुरू होतात, मध्येच तुटतात, एकातून दुसरीत जातात, ही दृष्टी बाईंना कुठून मिळाली असेल बरं? थोरलीला प्रत्येक कथेत ते कुठून आलं ते दिसायचं. हे जहाज. या माश्या. हे सहा वाजून दहा मिनिटं. ती एकटीच ते ओळखायची आणि एकटीच हसायची. तेवढ्यात तिला सगळं मिळायचं, आणखी काही नको असायचं.

आणि एक दिवस बाबा लवकर परत आले. धाकटीने पुस्तक पाठीमागे लपवलं, पण ते लपण्यासारखं नव्हतंच. “हे कुणी केलं?” बाबा ओरडले. धाकटी म्हणाली, “ताईने.” बाबांनी पुस्तक चुलीकडे भिरकावलं. थोरली ते झेलायला धावली, तिचा हात पातेल्याला लागला, आणि उकळती खळ मनगटापासून बोटांपर्यंत सांडली. खळ पुसता येत नाही, ती चिकटून बसते. पुस्तक वाचलं. दोन बोटं कामातून गेली.

धाकटीला तिने कधी दोष दिला नाही. सात वर्षांचं पोर, घाबरलं, खरं बोललं. त्यात काय चुकलं?

आज सुई चालवताना मात्र तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मार बसायचा होता तेव्हा ही खरं बोलली. मान मिळायची वेळ आली तेव्हा हिने खोटं लिहिलं. तेव्हा तरी बाबांची भीती होती. आता ती कुणाला घाबरली?

*

चार वाजता धाकटी आली. रेशमी ओढणी, केसांत छान रुपेरी बट, दारातून आत येताना सगळ्यांना हात जोडत. बायका उठून उभ्या राहिल्या, पण नेहमीसारखं कुणी सही मागितली नाही. चष्मेवाली तर एकदम कामात बुडून गेली.

“ताई! झाल्या का गं माझ्या प्रती?” धाकटीने वाकून थोरलीच्या खांद्यांभोवती हात टाकले. “आणि ते आपलं पुस्तक आणलंस ना?”

“आणलंय. बस.”

धाकटी स्टुलावर बसली. थोरलीने हातातली शिलाई पूर्ण केली, गाठ मारली, दोरा तोडला. मग नव्या सातव्यातलं एक पान तिच्यासमोर सरकवलं.

“हे का बदललंस?”

धाकटीचा चेहरा पडला. तिने आधी पानाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. “तू... तू वाचलंस?”

“वाचते मी. पहिल्यापासून वाचते. तुझी सगळी वाचलीत.”

“मला कधी बोलली नाहीस!”

“तू तरी कुठे परत विचारलंस? जुन्या सातव्यात खरं लिहिलं होतंस. चार दिवसांत काय झालं?”

धाकटी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. लहानपणी ती परकराचं टोक असंच गुंडाळायची. “संपादक म्हणाले की तो प्रसंग हलका पडतोय. कुणीतरी आयतं पुस्तक हातात दिलं, यात लेखिकेचा झगडा कुठे आहे? वाचकाला एकटी मुलगी लागते गं ताई. तिच्या बाजूला कुणी उभं असलं की गोष्ट बसते खाली.”

“बरं, मला काढून टाकायचंस. मी काही म्हटलं नसतं. पण मला चुलीपाशी का बसवलंस?”

“कुणीतरी लागतंच ना तिथे. बाबांवर आधीच्या प्रकरणात चांगलं लिहून झालंय, ते छापून झालं होतं, मग...”

“मग मी उरले.”

“ताई, असं नको ना बोलू. ते लिखाण आहे. लिहिताना इकडचं तिकडे करावं लागतं. तूच नाही का करायचीस? जहाजातल्या माणसाला माश्या पाळायला कुणी लावलं? मी तुझ्याकडूनच शिकले ना हे!”

थोरलीला राग आला तो या वाक्याचा. ते खरं होतं म्हणूनच आला. “जहाजातला माणूस कुठे होता जगात?” ती म्हणाली. तिचा आवाज चढला. सगळा कारखाना ऐकत होता, पण तिला आता त्याची पर्वा नव्हती. “मी आहे! मी इथे समोर बसलेय. उद्या हे वाचून लोक माझ्याकडे बघतील आणि म्हणतील, हीच का ती पानं जाळणारी. या बायकांनी आज तेच ऐकलंय. आणि हे शिवायलाही तू माझ्याकडेच दिलंस! का, तर ताई वाचत नाही.”

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला पाणी पटकन यायचं, लहानपणापासून. “पुढच्या आवृत्तीत बदलते. शपथ. आता उद्यावर आलंय सगळं, पत्रकार येणारेत, छायाचित्रकार येणारेत. ते पुस्तक हातात धरून मी बोलणार आहे. रागाव माझ्यावर, पण ते दे ना ताई.”

“हातात धरून काय सांगणार?”

धाकटीने ओढणी खांद्यावर सारखी केली.

“‘मी एकटीने शिवलं’, हेच ना?”

धाकटीने खाली बघितलं.

थोरलीने पिशवीतून ते काढलं. कापड सोडलं. कडा काळवंडलेल्या, पुठ्ठा नाहीच, नुसता उघडा कणा आणि त्यावर खळीने पिवळा पडलेला दोरा. तिने ते धाकटीसमोर धरलं. “ही गाठ बघ. उलटी का आहे, विचारलं कुणी तर?”

“उलटी आहे?” धाकटी म्हणाली.

थोरलीने तिच्याकडे क्षणभर बघितलं. चव्वेचाळीस वर्षं. मग तिने टेबलावरची सुरी उचलली आणि पहिली गाठ कापली.

“अगं! ताई! काय करतेस?” धाकटी ओरडून उठली. तिने हात पुढे केला, पण सुरी पाहून मागे घेतला. चष्मेवालीच्या तोंडून “आई गं” निघून गेलं.

थोरली सावकाश कापत होती. हे काम घाईने करत नाहीत, नाहीतर कागद फाटतो. दुसरी गाठ. तिसरी. दोरा प्रत्येक फर्म्यातून अलगद ओढायचा. जहाज सुटलं. माश्या सुटल्या. खून सुटला, खुनी अजून सापडलेला नव्हता. आता डोळे वाहत होते, पण एक पान फाटलं नाही. तेरा फर्मे सुटे झाले तेव्हा तिने ते टेबलावर ठोकून कडा सारख्या केल्या, त्याच कापडात बांधले आणि धाकटीच्या हातात दिले. तिच्यासमोर टेबलावर एक सुई ठेवली आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ.

“घे. उद्या अकरापर्यंत वेळ आहे. तूच शिवलंस ना, मग शीव.”

“मला येत नाही गं शिवता,” धाकटी म्हणाली. सात वर्षांच्या पोरीसारखी म्हणाली.

“ठाऊक आहे मला.”

धाकटी काहीतरी बोलेल असं वाटलं. पण मालक दारात आले, “वा वा, बाई आल्यात! प्रती आत्ता तयार होतात हां!” म्हणाले, आणि धाकटीने चेहरा पुसून हसून त्यांना नमस्कार केला. गाठोडं छातीशी धरून ती गेली. सुई आणि रीळ टेबलावरच राहिलं.

“ताई, नवा सातवा लावायचा ना?” चष्मेवालीने हळूच विचारलं. “म्हणत असाल तर... एखादा चुकून राहूनही जातो हो कधी. मालकांना कळणार नाही.”

“सहाव्याखाली सातवा, सातव्याखाली आठवा,” थोरली म्हणाली. “माझ्या हातून पुस्तक अपुरं जाणार नाही.”

साडेसहाला पन्नास प्रती दाबाखाली गेल्या. एकही पान इकडचं तिकडे झालं नव्हतं. बायका एकेक करून निघाल्या. जाताना प्रत्येकीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि चष्मेवाली चक्क काही न बोलता गेली.

थोरली रद्दीच्या ढिगाशी गेली. जुना सातवा तिथे पडला होता, उद्या रद्दीवाले तो घेऊन जातील. तिने त्यातला एक उचलला, डाग नसलेला. टेबलापाशी बसून तिने तो जुना पिवळा दोरा हातावर घेतला. तुकडे तुकडे झाले होते त्याचे. पण त्यातला एक वीतभर होता, आणि एकच फर्मा शिवायला तेवढा पुरतो.

दोरा कडक झाला होता, सुईत जाईना. तिने तो ओठांनी ओला केला, ताठ बोटांनी सरळ केला, पुन्हा ओवला. तीन भोकं, आतून बाहेर, बाहेरून आत. सोळा पानांचं पुस्तक. शेवटी तिने गाठ मारली, ती नेहमीसारखी उलटी पडली.